भाज्यांशी जमवून घेताना

सोमवार, रात्री

आज फ्लॉवर खाल्ला. वाटीभर. संपल्यावर कढईत एखादा तुरा उरलाय का, तेही पाहून आले. हे लिहून ठेवावंसं वाटलं, कारण तिशी उलटली तरी फ्लॉवरचं नाव काढलं की माझी भूक मरायची. लहानपणापासून माझं एक वाक्य ठरलेलं होतं: मला भाज्या आवडत नाहीत. बटाटा चालायचा. कांदा वाटून घातलेला असेल तर चालायचा. बाकी सगळं ताटाच्या कडेला जायचं, आणि तिथून परत कधी यायचं नाही.

गेले काही महिने मी या वाक्याचे तुकडे पाडतेय. एका वहीत भाजीचं नाव लिहायचं आणि पुढे फक्त एवढंच, की नेमकं काय खटकलं. वास? कडूपणा? बुळबुळीतपणा? दातात अडकणारे दोरे? लिहायला लागल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की भेंडीबद्दलची माझी तक्रार आणि कोबीबद्दलची तक्रार यांचा एकमेकींशी काही संबंधच नाही. भेंडीची चव मला कधीच वाईट लागली नव्हती, तिचा चिकटपणा नको व्हायचा. कोबी तोंडात घालायला काहीच हरकत नव्हती, वास मात्र सहन व्हायचा नाही. गाजर कच्चं असेल तर मी आवडीने खाते, उकडून मऊ झालं की घास गिळवत नाही. इतकी वर्षं या सगळ्यांना मी एकाच वाक्यात कोंबलं होतं, आणि म्हणून त्यावर काही करताही येत नव्हतं.

फ्लॉवरपुढे लिहिलं होतं: वास, उकडल्यावरचा. मग त्याच्या मागे लागले. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, मोहरी ही सगळी एकाच कुळातली मंडळी. यांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात आणि त्यांच्यापासून वेगळं ठेवलेलं मायरोसिनेज नावाचं एन्झाइम असतं. चिरलं, चावलं, किड्याने कुरतडलं की दोन्ही एकत्र येतात आणि झणझणीत, कडसर रेणू तयार होतात. झाडाने स्वतःच्या बचावासाठी केलेली ही सोय आहे. त्यात भाजी पाण्यात रटरटत ठेवली की गंधकाचे वायू सुटत राहतात, जितका वेळ जास्त तितका वास जास्त. म्हणजे ज्या वासाने मी उठून जायचे, त्यातला बराचसा भाग जास्त उकडण्यातून आलेला होता.

आज उकडला नाही, भाजला. तुरे धुऊन फडक्याने कोरडे केले. हे कोरडं करणं फार महत्त्वाचं, कारण जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, आणि खमंगपणा येतो तो साधारण 140 अंशांच्या पुढे. या क्रियेला मेलार्ड अभिक्रिया म्हणतात, 1912 साली तिचं वर्णन करणाऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून. तेल, मीठ, आणि कढईत एकाच थरात. गर्दी केली की वाफ कोंडते आणि तुरे पुन्हा उकडायलाच लागतात. सारखं ढवळायचा मोह आवरला. एक बाजू कढईला टेकून होती, तिथे आधी पिवळसर, मग बदामी रंग आला, बारीक कळ्यांच्या कडा काळपट झाल्या, आणि घरात पसरलेला वास चक्क भाजलेल्या दाण्यांच्या जवळपास जाणारा होता. देठ मात्र आतून कच्चट राहिले. पुढच्या वेळी तुरे उभे चिरून दोन भाग करायचे, म्हणजे सपाट बाजू कढईला टेकेल.

बुधवार

ब्रोकोली. वहीत: कडू. हिरवी कडू, आणि गिळल्यानंतरही मागे रेंगाळणारी.

समोर बसून तीच ब्रोकोली खाणाऱ्याला ती अजिबात कडू लागत नाही, हे मला नेहमी अशक्य वाटायचं. समोरचा माझ्या समाधानासाठी तसं म्हणतोय असंच मी धरून चालायचे. पण तो खरं बोलत असतो. 1931 साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ पीटीसी नावाची भुकटी हाताळत होते. थोडी भुकटी हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याच्या तोंडात कडूजहर चव आली, फॉक्स यांना काहीच लागलं नाही. दोघांनी पुन्हा पुन्हा चाखून पाहिलं, उत्तर तेच. एकच पदार्थ, दोन माणसं, दोन चवी, आणि दोघेही खरे. यातला फरक मुख्यतः ज्या जनुकामुळे पडतो, ते टीएएस2आर38 हे जनुक 2003 साली सापडलं. कोबीच्या कुळातल्या काही कडू द्रव्यांची रचना पीटीसीशी मिळतीजुळती आहे, त्यामुळे हे जनुक ज्यांच्यात जास्त संवेदनशील असतं त्यांना या भाज्या जास्त कडू लागू शकतात.

हे वाचून मला फार हलकं वाटलं. लहानपणी ‘नाटकं करते’ हे इतक्यांदा ऐकलंय, की माझी जीभ मला जे सांगते ते खरं असू शकतं यावरचा माझाच विश्वास उडाला होता. माझं जनुक कोणतं ते मी काही तपासून घेतलेलं नाही, तशी गरजही वाटत नाही. दोन माणसांच्या तोंडात एकच घास वेगळा असू शकतो, एवढं कळलं तरी खूप झालं.

आणि जनुक म्हणजे काही शेवटचा शब्द नाही. मीठ कडूपणा दाबतं. नुसतं खारट करून झाकत नाही, कडूपणाची जाणीवच कमी करतं. 1997 साली ब्रेसलिन आणि ब्यूशाँ या संशोधकांनी हे प्रयोगातून दाखवलं, आणि कडूपणा दबला की त्याच्याखाली झाकला गेलेला गोडवा वर येतो हेही. आज मी ब्रोकोलीचे दोन तुरे घेतले, एक बिनमिठाचा, दुसऱ्यावर चिमूटभर मीठ. पहिल्यात कडूपणाशिवाय काहीच नव्हतं. दुसऱ्यात चक्क मटारासारखी गोडसर चव होती. शिजून झाल्यावर वरून मीठ भुरभुरण्यापेक्षा शिजवतानाच घातलेलं मला जास्त लागू पडतं. तेल किंवा लोण्यानेही कडवट टोक बोथट होतं.

एक गोष्ट जाता जाता. ब्रसेल्स स्प्राउट्स नावाचे ते छोटे कोबी पूर्वीपेक्षा आता खरोखरच कमी कडू झालेत. 1990 च्या दशकात हान्स व्हान डोर्न या डच शास्त्रज्ञाने त्यांना कडू करणारी द्रव्यं कोणती ते शोधलं, आणि मग बियाणं तयार करणाऱ्यांनी जुन्या, कमी कडू वाणांशी संकर करून नवे वाण काढले. लहानपणी ज्याला नाही म्हटलं ती भाजी आज तीच असेल असंही नाही. एकदा परत चाखून बघायला एवढं कारण मला पुरतं.

गुरुवार

आज काही नाही. कामावरून यायला उशीर झाला, बटाटे उकडले, मीठमिरी घालून खाल्ले. दमलेल्या दिवशी नवीन भाजीला हात लावायचा नाही, हा नियम मी मुद्दाम केलाय. थकल्या अंगाने आणि चिडक्या डोक्याने खाल्लेला घास पुढे महिनाभर आठवत राहतो.

शनिवार

ताईकडे गेले होते. भाचा आता तीन वर्षांचा आहे. ताटात मटार दिसले, आणि त्याने एकेक दाणा बोटाच्या टोकाने उचलून ताटाबाहेर मांडला. ताईचा धीर सुटला. “चार दाणे खाल्ल्याशिवाय उठायचं नाही!” त्याने ओठ घट्ट मिटले. मला ते ओठ आतून ओळखीचे होते.

जेवणं झाल्यावर ताईशी बराच वेळ बोलले. साधारण दोन ते सहा या वयात मुलं अनोळखी पदार्थाला नाही म्हणतातच, त्यासाठी नवअन्नभय असा शब्दसुद्धा आहे. नुकतं चालायला लागलेलं मूल दिसेल ते तोंडात घालत सुटलं तर विषारीही काही पोटात जाईल, तेव्हा हा नकार मुळात संरक्षणासाठी असावा असं मानतात. तो वयानुसार बहुतेकांमध्ये कमी होतो, काहींमध्ये रेंगाळतो. लियान बर्च या संशोधिकेने 1980 च्या दशकात मुलांवर केलेले प्रयोग मी तिला सांगितले. नवा पदार्थ पुन्हा पुन्हा, अगदी थोडा थोडा चाखायला मिळाला की आवड वाढते, आणि नुसता समोर बघून ती तेवढी वाढत नाही, चाखावंच लागतं. पण चाखणं आणि संपवणं यात फार अंतर आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणी जबरदस्तीने खायला लावलेल्या पदार्थांबद्दल विचारलं होतं. ज्यांच्यावर तशी वेळ आली होती, त्यांच्यातल्या बहुतेकांनी तो पदार्थ आजही खाणार नाही असं सांगितलं.

ताई म्हणाली, “अगं, पण मग त्याने काहीच खाल्लं नाही तर?” तिची काळजी मला कळते. आईलाही तीच काळजी होती, हे आज ताईचा चेहरा बघताना प्रकर्षाने जाणवलं. मी एवढंच म्हटलं की मटार ताटात येऊ देत, तू समोर बसून ते आवडीने खा, आणि त्याच्या ताटाकडे बघू नकोस. थोड्या वेळाने भाच्याने ताटाबाहेरचा एक दाणा उचलून दोन बोटांत दाबला. साल सुटलं, आतल्या दोन हिरव्या फाकी बाहेर आल्या. त्याने त्या बराच वेळ निरखल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. खाल्ल्या नाहीत. मी खाल्ल्या.

माझ्याही बाबतीत हेच लागू पडलंय. एक घास, तोही नको वाटला तर बाहेर काढायची मुभा, आणि काही दिवसांनी पुन्हा. ही मुभा आहे म्हणूनच हात पुढे होतो. मोठं झाल्याचा खरा फायदा मला हा वाटतो: ताट माझं, किती वाढायचं ते मी ठरवते, आणि कसं शिजवायचं तेही.

मंगळवार

भेंडी सोपी निघाली. चिकटपणा तिच्यातल्या म्युसिलेज नावाच्या बुळबुळीत द्रव्याचा, आणि तो पाण्याने पसरतो. धुऊन पूर्ण वाळवली, मोठे तुकडे केले, झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतली, शेवटी लिंबू पिळलं. आंबटाने चिकटपणा आणखी कमी होतो. खाल्ली. विषय संपला.

पालकाने वेळ घेतला. वहीत लिहिलं होतं: दात. चवीची तक्रार नव्हती, खाल्ल्यावर दातांवर खडूची पूड बसल्यासारखं व्हायचं आणि ते मी कुणाला समजावून सांगू शकत नव्हते. ते पालकातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे होतं, त्याचा कॅल्शियमशी संयोग होऊन बारीक स्फटिक बनतात. पाण्यात विरघळणारा त्याचा भाग काढून टाकता येतो. भरपूर पाणी उकळलं, पानं मिनिटभर बुडवली, गार पाण्यात काढली, उकळलेलं पाणी फेकून दिलं. मग दोन्ही तळव्यांत घेऊन पिळली. मोठं पातेलं भरून वाटणारा तो ढीग पिळल्यावर एका मुठीत मावला, हिरवं पाणी मनगटापर्यंत ओघळलं. बारीक चिरून लसूण आणि लोण्यात परतला. दातांवर अगदी किंचित काहीतरी राहिलं, पण घास थांबला नाही. या पिळण्यात थोडी जीवनसत्त्वंही वाहून जातात, याची मला कल्पना आहे. ताटाच्या कडेला पडून राहिलेल्या पालकातून तर काहीच मिळत नव्हतं.

रविवार

आज एका मैत्रिणीकडे जेवायला होते. पूर्वी अशा निमंत्रणाच्या आदल्या दिवसापासून पोटात गोळा यायचा. काय असेल, किती वाढतील, उरलं तर काय म्हणतील. मोठ्या माणसाने ‘मी हे खात नाही’ म्हटलं की लोकांना तो त्यांच्या हातच्या चवीचा अपमान वाटतो, किंवा मग थट्टा सुरू होते. थट्टा करणाऱ्यांना मनापासून सांगावंसं वाटतं की त्याने आजवर कुणाचीही आवड बदललेली नाही. आज मी आधीच म्हटलं, “मला थोडंसंच वाढ, आवडलं तर मागून घेईन.” तिने तसंच केलं, विषय तिथेच संपला. सिमला मिरची दुसऱ्यांदा मागून घेतली.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे लिहून ठेवते. काहींचं न खाणं माझ्यासारखं नसतं. घशात अडकेल, उलटी होईल या भीतीने किंवा पोताच्या तीव्र किळसेने खाण्याचे पदार्थ इतके कमी होतात की वजन उतरतं, पोषण कमी पडतं, चारचौघांत जेवणंही अशक्य होतं. आर्फिड या नावाने 2013 पासून मानसोपचाराच्या निदानसूचीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. तिथे वही आणि कढई पुरत नाही, डॉक्टरांची मदत घ्यावी लागते, आणि ती घेण्यात काहीही कमीपणा नाही.

जागतिक आरोग्य संघटना फळं आणि भाज्या मिळून दिवसाला किमान 400 ग्रॅम खा म्हणते. मी अजून तिथे रोज पोहोचत नाही. पण त्या आकड्यात अमुकच भाजी हवी असं कुठेही म्हटलेलं नाही, याचा मला फार आधार वाटतो. वांगं मला अजून जमत नाही. त्याचा गर स्पंजासारखा पोकळ असतो, भरपूर तेल पितो आणि तोंडात कसातरीच होतो. मीठ लावून ठेवलं की पेशी बसतात आणि तेल कमी लागतं, तेही करून पाहिलं. पोत सुधारला, साल अजून नको वाटते. सध्या वांगं बाजूला.

बीट आणलंय. वहीत पूर्वीचा शेरा आहे: मातीचा वास. तो वास जिओस्मिनचा, पहिल्या पावसानंतर मातीतून येतो त्यातही हाच रेणू असतो, आणि माणसाच्या नाकाला तो अगदी अत्यल्प प्रमाणातही कळतो. आम्लाने जिओस्मिन मोडतं म्हणे, तेव्हा सालीसकट भाजून, सोलून, पातळ काप करून त्यावर लिंबू पिळून थोडा वेळ ठेवणार आहे. मीठ आधीच घालायचं.