डेटाबेसवरचा डिस्ट्रिब्यूटेड कॅश शिकताना

आमचे अ‍ॅप्लिकेशन एकाऐवजी अनेक सर्व्हरवर चालवायचे ठरले, तेव्हा मेमरीतला कॅश (वारंवार लागणारी माहिती पटकन मिळावी म्हणून ठेवलेली तात्पुरती प्रत) अपुरा पडणार हे उघड होते. प्रत्येक सर्व्हरची मेमरी वेगळी असल्याने एकाच वापरकर्त्याला एकदा नवी आणि लगेच पुन्हा जुनी माहिती दिसली असती. रेडिसचा, म्हणजे मेमरीत माहिती ठेवणाऱ्या वेगळ्या सामायिक सर्व्हरचा, पर्याय होताच. पण एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस आधीपासून वापरात असल्यामुळे मी त्यांच्याच एएसपी डॉट नेट कोअर या वेब फ्रेमवर्कमधला, डेटाबेसवर आधारलेला आणि सर्व सर्व्हरना सामायिक (डिस्ट्रिब्यूटेड) असा कॅश शिकायला घेतला.

त्यासाठी लागणारे टेबल कमांड लाइनवरून एका आज्ञेत तयार होते. कोड लिहिण्याआधी मी त्या टेबलाची रचना पाहिली आणि बरेच काही तिथेच उलगडले. कॉलम पाचच. कीची (नोंद ओळखण्याच्या नावाची) लांबी 449 अक्षरे ही विचित्र वाटते खरी, पण प्रत्येक अक्षराला दोन बाइट आणि क्लस्टर्ड इंडेक्सच्या (टेबलातल्या ओळी ज्या क्रमाने साठवल्या जातात त्या सूचीच्या) कीला 900 बाइटांची मर्यादा, हे लक्षात घेतले की हिशोब जुळतो. व्हॅल्यू म्हणजे नुसते बाइट. ऑब्जेक्टचे जेसन या मजकुराच्या स्वरूपात रूपांतर आपणच करायचे.

सर्वांत जास्त वेळ मुदतीच्या, म्हणजे नोंद किती वेळ टिकणार याच्या, नियमांनी घेतला. कोणतीही मुदत दिली नाही, तर 20 मिनिटांची स्लायडिंग (प्रत्येक वापरानंतर पुढे सरकणारी) मुदत आपोआप लागू होते, आणि अशी नोंद वाचली की तिची मुदत पुढे ढकलण्यासाठी त्या ओळीवर अपडेटही होतो. म्हणजे ज्याला आपण वाचन समजतो, ते डेटाबेसच्या दृष्टीने लेखनही असते. सतत वाचल्या जाणाऱ्या एकाच कीवर लॉकसाठी (एका वेळी एकालाच ओळ बदलू देणाऱ्या कुलपासाठी) रांग लागू शकते, ती यामुळेच. फक्त ठरावीक वेळेची मुदत दिली, तर ओळ बदलत नाही. म्हणून क्वचित बदलणाऱ्या याद्यांना मी तशीच मुदत दिली आणि स्लायडिंग मुदत सेशनपुरती (वापरकर्त्याच्या एका भेटीच्या माहितीपुरती) ठेवली.

मुदत संपलेल्या ओळी लगेच पुसल्या जात नाहीत. साफसफाई साधारण 30 मिनिटांच्या अंतराने होते, तीही कॅशची एखादी क्रिया घडली तरच. मात्र वाचताना अशा ओळी वगळल्या जात असल्याने शिळी माहिती हाती येत नाही. मुदत संपली की नाही, ही तुलना अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या घड्याळावरून होते, त्यामुळे सर्व सर्व्हरची घड्याळे जुळलेली असणे भाग आहे.

एक उणीव मात्र राहतेच: नोंद संपताच अनेक सर्व्हर एकदमच मूळ क्वेरी चालवू शकतात, आणि त्यांना थोपवणारे लॉक या कॅशमध्ये नाही. मी प्रत्येक मुदतीत काही सेकंदांचा यादृच्छिक फरक मिसळला, म्हणजे निदान सगळ्या नोंदी एकाच क्षणी संपत नाहीत, आणि कॅशचे टेबल मुख्य डेटाबेसपासून वेगळ्या इन्स्टन्सवर (एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतंत्र प्रतीवर) हलवले.