म्यानावरची दोन अक्षरं

जर्मनीतल्या कील बंदरातल्या आमच्या घरमालकीण आजी नव्वदीला टेकल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेला एक खंजीर काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या यजमानांनी तो फार वर्षांपूर्वी जुन्या बाजारात घेतला होता. "हा ज्याचा होता, त्याचं नाव मला कळायला हवं," एवढंच म्हणाल्या.

हस्तिदंती मूठ, तिच्यावर पीळ देत गुंडाळलेली तार, टोकाला कैसरचा मुकुट. मुकुट आहे म्हणजे खंजीर १९१८ च्या आधीचा, शाही आरमाराचा. पात्यावर मुठीजवळ राजाचं डोकं आणि शिरस्त्राण घातलेलं डोकं शेजारी शेजारी. ही झोलिंगेनच्या डब्ल्यूकेसी कारखान्याची खूण. पण खुणेवरून कारखाना कळतो, मालक नाही.

मालक सापडला तो म्यानाच्या मागच्या बाजूला. वरच्या कडीखाली, भिंगाशिवाय दिसणार नाही इतकं झिजलेलं कोरीव काम: दोन आद्याक्षरं, खाली 'एस.एम.एस. श्टेटिन' आणि १९१२. एस.एम.एस. म्हणजे सम्राटाचं जहाज. श्टेटिन ही हलकी क्रूझर, म्हणजे युद्धनौका, त्याच साली 'मोल्टके' या मोठ्या युद्धनौकेबरोबर अमेरिकेला जाऊन आलेली.

पहिलं अक्षर मी 'आय' वाचलं आणि आरमाराच्या छापील अधिकारी-याद्या चाळत तीन आठवडे घालवले. हाती काही लागेना. शेवटी ग्रंथालयातल्या बाईंनी सांगितलं की फ्राक्टुर या जुन्या जर्मन अक्षरवळणात मोठा 'आय' आणि मोठा 'योट', म्हणजे जर्मन 'जे', एकसारखेच दिसतात. मला आजोबांच्या पेटीतले मोडी कागद आठवले. मोडीत वेलांटीला ऱ्हस्व-दीर्घ नाही. माणूस आणि गाव ठाऊक असेल तरच नाव नीट लागतं. 'योट' धरल्यावर चार जण निघाले.

इथे बरेच जण थांबतात, चारांतला एक पसंत करतात आणि खंजिराला नाव चिकटवतात, कारण नाव लागलं की किंमत चढते. मला ते पटत नाही. चौघांपैकी तिघांवर तो अन्याय आहे.

मी फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागाराला लिहिलं. आमचा माणूस आरमारातला, हे नशीबच. प्रशियन सैन्याचे बहुतेक कागद १९४५ मध्ये पोट्सडामवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाले. आरमाराचे कागद ताम्बाखच्या वाड्यात हलवले होते. ते इंग्रजांच्या हाती लागले, लंडनला गेले आणि पुढे जर्मनीत परतले. फायलींच्या प्रती आल्या त्या कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत. रोज रात्री जेवणानंतर एक पान, आजी शेजारी बसून. लहानपणी आईची पत्रं त्यांनी त्याच लिपीत वाचली होती, त्यामुळे मी अडलो की त्या सांगायच्या.

चौघांपैकी १९१२ मध्ये श्टेटिनवर एकच होता. युद्धात तो पाणबुड्यांकडे गेला. १९१७ मध्ये त्याची बोट परत आली नाही. खंजीर बोटीवर नसावा, घरीच राहिला असावा, म्हणून आज आमच्या टेबलावर आहे.

एप्रिलमध्ये आम्ही दोघं फेरीने म्योल्टेनॉर्टला गेलो. तिथल्या पाणबुडी स्मारकात बुडालेल्या बोटींप्रमाणे नावांच्या ब्राँझच्या पाट्या आहेत. त्याचं नाव सापडल्यावर आजींनी हातमोजा काढला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

आता म्यानाच्या कडीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे: पूर्ण नाव, जहाज, बोट, साल. ती आजींनी लिहिली, कुरेंटमध्ये, आणि खाली माझ्या आग्रहावरून आजच्या अक्षरांतही.