फेरो बेटांवरची ग्रिंड: वाळू, हत्यारं आणि पारा

उत्तर अटलांटिकमधली फेरो बेटं म्हणजे डेन्मार्कचा स्वायत्त प्रदेश. तिथे विमान उतरतं ते वागार बेटावर. तिथून गाडीने जेमतेम दहा मिनिटांत मिद्वागूर लागतं. पर्यटक इथे थांबतात ते समुद्राच्या डोक्यावर टांगल्यासारख्या दिसणाऱ्या तळ्याकडे जाणारी पायवाट धरायला. मी आधी उलट्या बाजूला, गावाखालच्या खाडीकडे वळलो. पायलट व्हेल म्हणजे डॉल्फिनच्या कुळातला, कळपाने राहणारा मोठा काळा प्राणी. त्याच्या सामुदायिक शिकारीला इथे 'ग्रिंड' म्हणतात, आणि त्यासाठी जे किनारे सर्वांत चांगले मानले जातात त्यात मिद्वागूर येतं. का, ते वाळूवर उभं राहिलं की कळतं. तळ हळूहळू उथळ होत जातो, खडक नाहीत आणि खाडीचं तोंड होड्यांनी अडवता येईल इतपतच रुंद आहे. किनारा एकदम खोल असेल तर जनावर वाळूला लागत नाही, मागे फिरतं. फारच उथळ असेल तर ते लांबवरच रुततं आणि माणसांना छातीभर पाण्यात उभं राहून काम करावं लागतं. म्हणून मान्यता दिलेल्या ठरावीक किनाऱ्यांवरच शिकारीला परवानगी असते.

शिकारीला ठरलेला मोसम नाही. कळप दिसला तरच ग्रिंड होते, त्यातल्या बऱ्याच उन्हाळ्यात. कोणाला कळप दिसला की निरोप जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाकडे आणि नेमलेल्या ग्रिंड-मुकादमांकडे जातो. वारा, भरती-ओहोटी, उरलेला उजेड, किनाऱ्यावर जमू शकणारी माणसं आणि घरोघरच्या फ्रीजरमध्ये आधीच असलेलं मांस, एवढं पाहून होकार किंवा नकार मिळतो. नकारही दिले जातात, हे बाहेरच्या बातम्यांत सहसा येत नाही. होकार मिळाला की होड्या कळपाच्या मागे अर्धवर्तुळ करतात आणि दोरीला बांधलेले दगड पाण्यात टाकत त्याला खाडीकडे हाकतात. शेवटच्या टप्प्यात होड्या वेग वाढवतात, म्हणजे पुढची जनावरं आपल्याच वेगाने वाळूवर चढतात.

पुढचं काम किनाऱ्यावरच्या माणसांचं. गोल टोकाचा बोथट आकडा श्वासछिद्राच्या आतल्या पोकळीत अडकवायचा आणि दोरीने जनावर ओढायचं. पूर्वीचा आकडा टोकदार असे आणि तो चरबीत कुठेही रुतवत. मग 'मोनुस्टिंगारी', म्हणजे मज्जारज्जू तोडणारा भाला, श्वासछिद्राच्या मागे मानेत घुसवायचा. त्याने मज्जारज्जू आणि मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या एकदम तुटतात. शेवटी सुरीने मान उघडून रक्त काढायचं. हा भाला एका फेरोई पशुवैद्याने बनवला. २०१५ पासून तोच वापरायचा आणि प्रशिक्षण घेऊन परवाना असलेल्यानेच मारायचं, असा नियम आहे. नेम बरोबर बसला तर जनावर काही सेकंदांत मरतं, हे सरकारचं म्हणणं मला पटतं. पण हे एका जनावराचं झालं. वाळूवर शेवटी उरलेल्या जनावराने तोपर्यंत बाकीच्यांचं सगळं ऐकलेलं असतं, आणि तो वेळ सेकंदांच्या हिशेबात धरलेला नाही.

ही शिकार जमते ती पायलट व्हेलच्या स्वभावामुळे. कळप म्हणजे आईच्या बाजूचं कुटुंबच असतं, आणि एक वळला की सगळे वळतात. या स्वभावाचा फटका शिकारीविनाही बसतो. जानेवारी २०१६ मध्ये तमिळनाडूत तुतिकोरिनजवळ यांच्या आखूड पराच्या भाईबंदांपैकी ऐंशीच्या वर किनाऱ्याला लागले आणि चाळीसहून अधिक मेले. कोळ्यांनी खोल पाण्यात नेऊन सोडलेले काही पुन्हा परत आले. फेरोत या एकोप्याचाच उपयोग केला जातो, म्हणून पिल्लं आणि गाभण माद्यांसकट बहुधा अख्खं कुटुंब संपतं. या बेटांभोवती सुमारे १ लाख पायलट व्हेल असून शिकारीची दीर्घकालीन सरासरी वर्षाला सुमारे ८०० आहे, म्हणजे १ टक्क्याहून कमी, असा सरकारचा हिशेब आहे. जात नष्ट होत नाही, हे त्यातून सिद्ध होतं. नोंदी १५८४ पासूनच्या आहेत, १७०९ पासून तर सलग, त्यामुळे ते सहज खोडताही येत नाही. पण कुटुंब हे ज्या प्राण्याचं जगण्याचं एकक आहे त्याची मोजणी डोक्यांवर करणं मला अपुरं वाटतं.

वाटणीची पद्धत मात्र लक्ष देऊन समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक जनावर मोजतात, त्याच्या अंगावर क्रमांक आणि आकार कोरतात. माप 'शिन' या एककात असतं: एक शिन म्हणजे सुमारे ३८ किलो मांस आणि ३४ किलो चरबी. कळप प्रथम पाहणाऱ्याचा वेगळा वाटा, बाकी सहभागी आणि परिसरातल्या घरांना फुकट. मालवणकडे रापण ओढल्यावर वाटे पडतात, साधारण त्याच धर्तीचं हे आहे. मात्र थोडं मांस दुकानातही विकलं जातं, तेव्हा 'यात पैशाचा संबंधच नाही' हे पूर्ण खरं नाही.

वागारहून पाण्याखालच्या बोगद्याने स्ट्रेमॉय बेटावर आणि तिथून २०२० च्या अखेरीस सुरू झालेल्या दुसऱ्या बोगद्याने एस्टुरॉयवर जाता येतं. या दुसऱ्या बोगद्यात समुद्राच्या तळाखाली चक्क वाहतूक-वर्तुळ आहे. एस्टुरॉयवरच्या लांबट फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीच्या, टोकाला स्काउलाबोट्नुर आहे. १२ सप्टेंबर २०२१ ला इथे १,४२८ डॉल्फिन मारले गेले. हे पायलट व्हेल नव्हते, पांढऱ्या कुशीचे अटलांटिक डॉल्फिन होते. कळप दिसला तेव्हा अंदाज २०० चा होता, असं शिकाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनीच नंतर सांगितलं. जनावरं हजाराच्या वर आणि भाला चालवणारे हात कमी, त्यामुळे कितीतरी डॉल्फिन उथळ पाण्यात तडफडत पडून राहिले. एवढ्या मांसाला घरंही पुरेनात. खुद्द फेरोत संताप झाला आणि २०२२ मध्ये सरकारने डॉल्फिनसाठी वर्षाला ५०० ची मर्यादा घातली. मर्यादा घातली, बंदी नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा इथे का चालत नाही, असं नेहमी विचारलं जातं. व्यापारी शिकारीला १९८२ मध्ये स्थगिती देणारा आंतरराष्ट्रीय व्हेल आयोग मोठ्या देवमाशांपुरता आहे. पायलट व्हेल त्याच्या यादीत नाही. डेन्मार्क युरोपीय संघात आहे, फेरो नाही, म्हणून संघाची देवमासे मारण्यावरची बंदीही लागू होत नाही.

बाहेरच्या आंदोलकांनी जहाजं आणली, २०१४ मध्ये अटका झाल्या, आणि गावकरी आणखी हट्टाला पेटले. माझ्या मते ग्रिंडवरचा सर्वांत जड आक्षेप घरातूनच आला. फेरोई डॉक्टर पॉल वाइहे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांच्या नाळेच्या रक्तातला पारा मोजला. सातव्या वर्षी त्याच मुलांची तपासणी केली, तेव्हा पारा जास्त असलेल्यांचं लक्ष, भाषा आणि स्मरणशक्ती कमी भरली. पारा खाद्यसाखळीत वर चढतो: लहान जीव, मग माकूळ, मग माकूळ खाणारा पायलट व्हेल. चरबीत पीसीबी नावाची विषारी औद्योगिक रसायनं साठतात. शिजवल्याने किंवा वाळवल्याने यातलं काहीच जात नाही. २००८ मध्ये वाइहे आणि बेटांचे मुख्य आरोग्य अधिकारी यांनी हे मांस माणसांनी खाऊच नये असं जाहीर केलं. २०११ मध्ये अन्न विभागाने तो सल्ला सौम्य करून 'महिन्यातून फार तर एकदा' केला आणि गरोदर बायकांनी मांस टाळावं असं सांगितलं. यकृत आणि मूत्रपिंड तर कोणीच खायचं नाही.

जाणाऱ्यांसाठी आता कामाचं. युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणारा नेहमीचा शेंगेन व्हिसा फेरोला चालत नाही. डेन्मार्ककडून घेतलेल्या व्हिसावर 'फेरो बेटांसाठी वैध' अशी स्पष्ट नोंद हवी, ती अर्ज करतानाच मागा. तिथे असताना ग्रिंड सुरू झाली तर किनाऱ्यावर उभं राहून पाहण्यास मनाई नाही, पण अडथळा आणणं गुन्हा आहे. लहान मुलं सोबत असतील तर दुसऱ्या रस्त्याने जा. जुलै २०२३ मध्ये राजधानी तोर्शहावनच्या बंदरात उभ्या असलेल्या क्रूझच्या प्रवाशांसमोरच शिकार झाली आणि कंपनीला माफी मागावी लागली होती. कोणाच्या घरी जेवायला गेलात आणि ताटात काळं मांस, पांढरी चरबी आणि बटाटे आले, तर नको म्हटल्याने कोणी रागावत नाही. फेरोई तरुणही ते फारसं खात नाहीत. देवमाशाचा दात आठवण म्हणून घेण्याचा मोह टाळा. वन्यजीव संरक्षण कायद्यात देवमासे पहिल्या अनुसूचीत आहेत. ज्या कायद्याखाली मुंबई-कोकणात 'व्हेलच्या उलटी'चे तस्कर धरले जातात, तोच तुमच्या बॅगेतल्या दातालाही लागू शकतो.