लांबच्या मुक्कामाहून परतल्यावर: बंद घर आणि साचलेल्या दुरुस्त्या

आई-बाबांकडे यंदा आम्ही सगळी भावंडं खूप दिवसांनी एकत्र जमलो. मुक्काम लांबला, आणि तो लांबला याचा आनंदच आहे. बाबांना आता शिडीवर चढवत नाही, त्यामुळे त्यांच्याकडच्या सैल बिजागऱ्या, न लागणारी खिडकी, ठिबकणारा नळ ही कामं दादाने आणि मी मिळून केली. बाबा खुर्चीत बसून सूचना देत होते आणि त्यांची एकही सूचना चुकीची नव्हती. भेटीबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण हा वृत्तांत मुख्यतः परतीचा आहे. पावसाळी दिवसांत काही आठवडे कुलूपबंद राहिलेलं घर उघडल्यावर काय सापडलं आणि कामं कोणत्या क्रमाने केली, हे लांबच्या मुक्कामाला निघणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

निघण्याआधीची दोन कामं परतल्यावर सर्वांत मोलाची ठरली. एक म्हणजे घरात पाणी येणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करणं. बेसिनखालची किंवा फ्लशच्या टाकीची लवचीक नळी फुटली, तर घरात कोणी नसताना पाणी थांबवणारं काहीच उरत नाही. व्हॉल्व्ह बंद असेल तर फार तर पाइपात अडकलेलं पाणी सांडेल. दुसरं, वीज आणि पाणी दोन्हींच्या मीटरचे फोटो. परतल्यावर आकडे जुळवले की बंद घरात काय चालू राहिलं होतं ते लगेच कळतं.

परतीचा प्रवास असा आखा की घरी दिवसाउजेडी पोचाल. थकलेल्या डोळ्यांना बल्बच्या प्रकाशात भिंतीवरची ओल दिसत नाही, आणि दिव्याचं बटण दाबण्याआधी घरात एक फेरी मारायची असते. दार उघडून आधी वास घ्यायचा. घरगुती गॅसला मुळात वास नसतो. गळती ओळखता यावी म्हणून त्यात मरकॅप्टनसारखं उग्र वासाचं रसायन मिसळतात. तसा वास आला तर कोणतंही बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, दोन्ही वेळा ठिणगी पडते. दारं-खिडक्या उघडा, जमल्यास गॅस मुळाशी बंद करा आणि मदतीसाठी फोन घराबाहेर जाऊन करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. फक्त वरचं तावदान उघडून तो निघत नाही.

आमच्याकडे गॅसचा वास नव्हता, पण न्हाणीघरातून गटाराचा येत होता. पुष्कळ लोक यावर लगेच प्लंबर बोलावतात. मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असतं आणि तेच गटाराचा वायू अडवतं. घर बंद असताना ते वाळून जातं. प्रत्येक मोरीत तांब्या-दोन तांबे पाणी ओतलं की वास बंद. पुढच्या वेळी निघताना त्या पाण्यावर चमचाभर तेल सोडा; तेल वर तरंगतं आणि पाणी सावकाश उडतं.

मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. एकदम उघडला तर पाइपातली हवा दणका देते आणि जुने जोड सैल होतात. मग प्रत्येक नळ काही मिनिटं वाहू द्या, आणि शॉवरचं तोंड बादलीत धरून, खिडकी उघडी ठेवून. पाइपात कोमट पाणी साचून राहिलं की त्यात लिजिओनेला जातीचे जिवाणू वाढू शकतात, आणि ते शॉवरच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातात. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात जमलेल्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेच्या माजी सैनिकांमध्ये या जिवाणूंची मोठी साथ पसरली होती, लिजिओनेला हे नाव त्यावरूनच पडलं. गिझर पहिल्यांदा ६० अंशांपर्यंत तापवून घ्यावा. कुंड्यांच्या ताटल्या आणि बाहेरच्या बादल्या नुसत्या ओतू नका, कडा घासा. एडिस डासाची अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन् महिने टिकतात.

आता दुरुस्त्या. परतल्यावर जे डोळ्याला खुपतं ते आधी करावंसं वाटतं. आमच्या हॉलमधले रंगाचे पोपडे सगळ्यांनाच खुपत होते. पण कामांचा क्रम पाणी ठरवतं. आधी पाणी जिथून येतं ते बंद करायचं, मग वाळू द्यायचं आणि रंग सगळ्यांत शेवटी. हा क्रम मोडला की तेच काम पुढच्या वर्षी पुन्हा करावं लागतं.

ठिबकणारा नळ बारीक काम वाटतो. सेकंदाला एक थेंब आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तरी दिवसाला २१ लिटरच्या वर पाणी जातं. जुन्या पद्धतीच्या नळात बहुधा वायसर झिजलेला असतो, तो बदलायला पान्हा आणि थोडा वेळ पुरतो. टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, नाहीतर जोड आवळताना टेप उलगडत जाते. फ्लशची टाकी गुपचूप गळते का, हे पाहायला टाकीत खाण्याचा रंग टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर बदलायला झालं आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ओलीत. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटामागे बुरशी धरली होती. ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेमुळे, हे ठरवल्याशिवाय पैसा घालू नका. प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर कपाट पुढे ओढणं आणि हवा खेळती ठेवणं हाच उपाय. आमच्याकडे थेंब आत होते. खिडकीच्या छज्ज्यावर भेग सापडली. ती बाहेरून बुजवली. आतून कितीही चांगला वॉटरप्रूफ रंग लावला तरी तो मागून येणाऱ्या पाण्याच्या दाबाने सुटतो.

भिंतीवरची पांढरी भुकटी म्हणजे पाण्याबरोबर वर आलेले क्षार. ते कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसले तर विरघळून पुन्हा आत जातात. बुरशी साफ करताना ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. त्या भिंतीत विजेची बटणं असतील तर त्या भागाचा एमसीबी पाडून ठेवा, आणि आरसीसीबीवरचं (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं यंत्र) टेस्टचं बटण दाबून तो पडतो ना हे बघा. तीस मिलिॲम्पियरचं हे यंत्र जीव वाचवतं, पण ते वर्षानुवर्षं कोणी तपासतच नाही.

अडकणाऱ्या दाराबद्दल मात्र आग्रहाने सांगतो, कारण इथे चांगली दारं खराब होतात. दार घासायला लागलं की सुतार लगेच रंधा काढतो. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. आणि कोरड्या दिवसांत ते पुन्हा आकसतं. पावसाळ्यात तासलेलं दार उन्हाळ्यात फट दाखवतं. आधी दार अर्धवट उघडून मूठ वर उचलून बघा. दार हललं तर वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल आहेत. भोकात लाकडी काड्या गोंद लावून ठोका, वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळा. आमच्या मधल्या दाराचं एवढ्यानेच भागलं. तरीही घासत असेल तर कडेला खडू फासून दार लावा, जिथे खडू पुसला जाईल तेवढ्यापुरता काचकागद फिरवा.

आता राहिलेलं मोठं काम हॉलच्या भिंतीचं. पोपडे खरवडून ठेवलेत, सुटलेला गिलावा काढून नवा केलाय. भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण महिना धरतात, त्यामुळे रंगाऱ्याला कोरड्या दिवसांतली तारीख दिली आहे. तो येण्याच्या दोन दिवस आधी प्लॅस्टिक पुन्हा चिकटवणार, आणि तो येईल त्या सकाळी आत थेंब दिसले तर त्याला परत पाठवणार.