लेअर मार्नी, १:५० : काळ्या विटांनी घेतलेला बळी

लेअर मार्नी या जुन्या इंग्रजी घराच्या प्रवेश-इमारतीचं कार्डशीटचं मॉडेल करतोय, मूळच्या पन्नासाव्या हिश्शात. त्यात दोन रविवार पाण्यात गेले. दक्षिणेच्या डाव्या बुरुजावर गडद विटांची शंकरपाळी नक्षी रंगवत होतो. खाली कुठेतरी एक वीट मोजायची राहिली आणि वरच्या सगळ्या शंकरपाळ्या एका अंगाला कलल्या. जवळून कळत नव्हतं, जेवणाच्या टेबलावरून लगेच दिसलं. खरवडून पुन्हा सुरुवात.

नवीन मंडळींसाठी: हे इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातलं १५२० च्या दशकातलं काम. हेन्री मार्नीला चौकाचं मोठं घर बांधायचं होतं. १५२३ मध्ये तो गेला, दोन वर्षांत मुलगा जॉनही गेला आणि बांधकाम थांबलं. घर अर्धवट, दरवाज्याची बुरुजवाली इमारत मात्र जवळपास २४ मीटर उंच. माझ्याकडे ती ४८ सेंमी भरते.

त्या काळातली (ट्यूडर राजांच्या वेळची) वीट चपटी, जाडी साधारण ५ सेंमी. चुन्याचा सांधा धरून माझा एक थर १.२ मिमीचा, म्हणजे बुरुजाला ४०० थर! शाई संपलेल्या बॉलपेनने कार्डशीटवर रेघा दाबतोय. एका थरात विटांच्या लांब बाजू, पुढच्यात फक्त टोकं. भट्टीत आगीजवळच्या विटांची टोकं जास्त भाजून काळी-निळी पडायची; गवंडी तीच बाहेरच्या बाजूला ठेवून नक्षी काढत. म्हणूनच पोस्टर कलरमधला नुसता काळा इथे मेल्यासारखा दिसतो. निळा आणि थोडा तपकिरी मिसळल्यावर जरा जीव आला.

आणखी एक फजिती. मधल्या भागात तीनच मजले, पुढच्या बुरुजांना मात्र खिडक्यांच्या आठ रांगा. मी शहाणपणा करून दोन्ही एका ओळीत आणायला गेलो. जुळत नाहीत, जुळवूही नका. त्या न जुळण्यामुळेच बुरुज आहेत त्याहून उंच वाटतात.

माथ्यावरचे टेराकोटाचे शिंपले शाडूत थोडं फेविकॉल मळून केले. खोडरबर कोरून साचा बनवला. मूळ कारागिरांनीही माती साच्यातच दाबली होती, त्यामुळे ही चोरवाट म्हणता येणार नाही. शिंपले झकास उतरले. माथ्यावरचे डॉल्फिन मात्र बोंबलासारखे दिसतायत, ते परत करणार.

१८८४ च्या भूकंपात खऱ्या इमारतीचं बरंच नुकसान झालं होतं. आमच्याकडे मांजर आहे. उजवा बुरुज वाळेपर्यंत कपाटावर.