माहुली, एक छत्री आणि दोन मोडक्या काड्या

मागच्या जुलैत ठाणे स्टेशनात पहाटेच्या आसनगाव लोकलची वाट बघत आम्ही सात जण उभे होतो. सहा जणांच्या अंगावर निळे-नारिंगी रेनकोट आणि माझ्या हातात काळी, लांब दांड्याची, वाकड्या मुठीची छत्री. "मॅडम, माहुली गडावर चाललोय आपण, शाळेत नाही," ग्रुपमधला सगळ्यात लहान पोरगा म्हणाला. मी चरईत राहते, शाळेत गणित शिकवते. विनोद त्याला आयताच मिळाला.

छत्रीपर्यंत मी सुखासुखी आलेले नाही. त्याआधी दोन वर्षं सहा हजारांचं एक जाकीट अंगावर मिरवलं होतं. दुकानातल्या पोराने बाटलीतलं पाणी बाहीवर ओतून दाखवलं, ते अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळून गेलं, आणि मी पैसे मोजले. मग नेरळहून पेब किल्ल्यावर गेलो. चढाला अर्धा तास झाला नसेल, आतला टीशर्ट पिळता आला असता. पावसाचा एक थेंब आत आला नव्हता. सगळं पाणी माझंच होतं.

त्यात जाकिटाचा दोष म्हणावा तर तसाही नाही. असल्या कापडाच्या आत एक पातळ पडदा असतो. त्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. मात्र ती जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा बरीच कोरडी लागते. युरोपातल्या थंड डोंगरांत ती तशी असते. आपल्याकडे जुलैत हवाच ओल्या टॉवेलासारखी, वाफ जाणार कुठे? शिवाय तासाभराच्या झडीत वरचं कापड भिजून जड झालं की उरलीसुरली वाटही बंद.

आणि चष्मा! माझा नंबर साडेपाच. टोपी कितीही पुढे ओढली तरी काचांवर थेंब येतात. पुसायला कोरडं फडकं नाही, आणि आतून गरम श्वासाने धुकं धरतं ते वेगळंच. पेबच्या निसरड्या वाटेवर मी निम्मा वेळ पाय कुठे टाकतेय ते अंदाजाने ठरवत होते.

छत्री डोक्यात शिरली ती देहरीत, गोरखगडाच्या पायथ्याला. पाऊस जोरात होता, वरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या चढायचा प्रश्नच नव्हता. नुसतं रानापर्यंत जाऊन येऊ म्हणून गावातले एक मामा सोबत आले. साठीच्या पुढचे, अनवाणी, सदरा आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. पाऊस थांबला की छत्री मिटायची आणि तिची मूठ मानेमागे कॉलरला अडकवायची, की छत्री पाठीवर लोंबते आणि दोन्ही हात मोकळे. सर आली की हात मागे, छत्री वर. मी जाकिटात धापा टाकत होते. मामांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "बाई, त्या कोटात शिजाल की."

शेतात लावणी चालू होती. बायकांच्या डोक्या-पाठीवर प्लॅस्टिकचे कागद होते. एका बांधावर मात्र जुनं इरलं उपडं पडलेलं दिसलं, बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं. मी थांबून बघत बसले. तेही छपरासारखं पाठीवर असतं, अंगाला चिकटत नाही. खालून वारा खेळतो. शेकडो वर्षं इथल्या पावसात वाकून काम करणाऱ्यांनी अंगाला घट्ट बसणारं काही शिवलं नाही, यात काहीतरी अर्थ असणारच.

जांभळी नाक्याच्या बाजारात फुटपाथवर छत्र्या दुरुस्त करणारे एक चाचा पावसाळ्यात बसतात. त्यांना सांगितलं, डोंगरावर न्यायची आहे. त्यांनी घडीच्या छत्र्यांना हातही लावू दिला नाही. "तीन घडीची म्हणजे तीन ठिकाणी तुटणार." स्टीलची काडी वाकली की वाकलीच राहते, फायबरची वाकून परत सरळ होते, हे त्यांनी माझ्यासमोर दोन्ही वाकवून दाखवलं. आठ फायबर काड्यांची, लांब दांड्याची घेतली. घरी किचनच्या काट्यावर तोलली तर जाकिटापेक्षा शंभरेक ग्रॅमने हलकी भरली. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन रिंग कापून सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर चढवले. दांडा त्यांत खोचला की छत्री आपोआप डोक्यावर उभी राहते.

ग्रुपवर चेष्टा वाढली तेव्हा मी त्यांना रे जार्डिनचं नाव ऐकवलं. प्रस्तरारोहणात कड्याच्या फटीत अडकवायची 'फ्रेंड्स' नावाची अवजारं ज्याने बनवली, तोच हा अमेरिकन. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी, चार हजार किलोमीटरहून लांब अशी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल तो बायकोबरोबर चालला आणि हलकं ओझं घेऊन चालणाऱ्यांना त्याने छत्री घ्यायला लावली, उन्हासाठीसुद्धा. परदेशी माणसाचं नाव निघालं तशी चेष्टा थांबली. देहरीच्या मामांचं नाव सांगून थांबली नसती.

तर माहुली. गावातून रानात शिरलो आणि पहिला तास मी अक्षरशः राणीसारखी चालले. गळा मोकळा, हाताच्या बाह्या वर, चष्मा कोरडा. सगळ्यात मोठा फरक कानांना जाणवला. टोपीच्या आत नुसता सळसळाट ऐकू येतो, जगाशी संबंध तुटतो. छत्रीखाली मला डाव्या ओढ्याचा आवाज, मागच्याचा घसरलेला बूट आणि एका शीळकरी कस्तूराची लांबलचक शीळ असं सगळं वेगवेगळं ऐकू आलं. कमरेखाली मी चिंब होते, ते मान्य. पण बूट तर सगळ्यांचेच भरलेले होते.

झाडी संपून डोंगराच्या उघड्या सोंडेवर आलो आणि राणीचं राज्य गेलं. वारा समोरून असेल तर छत्री ढालीसारखी पुढे धरायची, हे जमत होतं. पण वळणावर दरीतून खालून झोत आला, छत्री उलटी झाली आणि दोन काड्या मोडल्या. चाचांची फायबरची काडी वाकून सरळ होते ती बाजारात. पुढे लोखंडी शिडी. तिथे दोन्ही हात मोकळे लागतात, त्यामुळे छत्री मिटून सॅकला आडवी बांधली आणि जाकीट बाहेर काढलं. हो, ते मी सोबत ठेवतेच. चालताना नाही, पण वाऱ्यात आणि मुक्कामाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा चमकतात, तेव्हा तर सोंडेवर छत्री उघडायचा हट्ट मी धरत नाही. तेव्हा मुळात सोंडेवरच जाऊ नये.

मुक्काम महादरवाजातल्या पहारेकऱ्यांच्या देवडीत केला. 1636 साली शहाजीराजे याच गडाच्या आसऱ्याला होते. इथे पावसाळे काढणाऱ्या पहारेकऱ्यांच्या अंगावर घोंगड्यांच्या खोळी असतील, माझ्या शेजारी सहा रेनकोट निथळत होते. मोडकी छत्री इथे खरी कामाला आली. देवडीच्या तोंडाशी आडवी ठेवली, तिच्या आडोशाला स्टोव्ह पेटला आणि खिचडी झाली. रात्री दगडातून नेमकं माझ्या उशाशी गळायला लागलं, तर सॅकच्या आधाराने छत्री डोक्यावर उभी करून झोपले. टप टप आवाज कापडावर, मी कोरडी. मध्यरात्री बाहेर जावं लागलं, तेव्हा ओला रेनकोट अंगात चढवण्याचं दिव्य फक्त मला करावं लागलं नाही. चेष्टा करणारा पोरगा अंधारातून म्हणाला, "मॅडम, दोन मिनिटं देता का?"

चाचांनी मोडक्या काड्या बघून विचारलं, "वो कौनसा डोंगर था?" नव्या काड्या पांढऱ्या मिळाल्या, जुन्या काळ्या. त्यामुळे माझी छत्री आता कुठेही ओळखू येते. ट्रेकहून आले की ती मोरीत उघडून वाळत ठेवते, आणि आई दर वेळी कपडे भिजवायची बादली हातात घेऊन दारातून ओरडते, आता ही कुठे ठेवू, तुझ्या छत्रीवर?