ब्राबांटचा मधला रंग

प्रूफवर तांबड्या शाईत शेरा होता: "बेल्जियमची आकडेवारी चुकलेली दिसते. शेजारशेजारच्या जिल्ह्यांत एवढा फरक असणे शक्य नाही. दुरुस्त करावे." खाली समीक्षकांची झोकदार सही.

मी अ‍ॅटलासमधल्या लोकसंख्येच्या नकाशांचं संपादन करते. तांबडे शेरे रोजचेच, आणि बरेचसे नकाशा चष्म्याविना पाहिल्यामुळे आलेले असतात. हा मात्र चष्मा लावून लिहिलेला होता. लिहिणारे सर मानवी भूगोलातले जुने, जाणते प्राध्यापक. त्यामुळे आमच्या मुख्य संपादकांनी पान माझ्या टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "आधीचा नकाशा लावा. छपाईला सोडायचंय."

पान होतं युरोपातला जननदर कुठे केव्हा घसरला याचं. यामागची आकडेवारी जिथून येते तो प्रकल्प अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात 1963 मध्ये लोकसंख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन्सली कोल यांनी सुरू केला. युरोपातल्या सहाशेहून जास्त प्रांतांत विवाहित स्त्रियांचा जननदर खाली यायला केव्हा सुरुवात झाली, हे त्यांना शोधायचं होतं. मोजपट्टी म्हणून त्यांनी उत्तर अमेरिकेतला हटराइट हा छोटा धर्मपंथ घेतला, कारण ही माणसं संततिनियमन करत नसत आणि नोंदी मात्र चोख ठेवत. 1921 ते 1930 या काळात त्यांच्यातल्या 20 ते 24 वयाच्या दर 100 विवाहित स्त्रियांमागे वर्षाला 55 जन्म होत. त्यांचे असे वयोगटवार दर म्हणजे 1, आणि बाकी सगळ्यांचा दर त्यांच्या तुलनेत. प्रांताचा दर आपल्या जुन्या पातळीवरून 10 टक्के खाली आला आणि पुन्हा वर गेला नाही, की ते वर्ष घसरणीचं वर्ष धरायचं. आमच्या नकाशात रंग होता तो या वर्षाचा. जितकं आधीचं वर्ष, तितका गडद.

लोकांना वाटतं आम्ही नकाशे काढतो. काढणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. खरा वेळ खातात सीमा. आकडे ज्या वर्षाचे, सीमा त्याच वर्षाच्या हव्यात. बेल्जियमचंच घ्या. इंटरनेटवर आयती मिळणारी सीमांची फाईल उघडली तर ब्रसेल्सभोवतालच्या ब्राबांटचे दोन प्रांत दिसतात आणि ब्रसेल्स वेगळं. ही विभागणी 1995 ची. एकोणिसाव्या शतकात ब्राबांट सलग एकच होता आणि एकूण प्रांत नऊ. आजच्या चौकटीत 1880 चे आकडे कोंबलेले नकाशे मी भल्याभल्या प्रकाशनांत पाहिलेत. कोणी ओरडत नाही, कारण कोणी तपासत नाही.

आम्ही तपासलं होतं. पहिल्या प्रूफमध्ये नऊ प्रांत होते: दक्षिणेकडे गडद, उत्तरेकडे फिका आणि मधोमध ब्राबांट मधल्या रंगाचा. सरांना हा नकाशा मनापासून आवडला होता. त्यांच्या टिपणात लोकसंख्या संक्रमण सिद्धांत होता: कारखाने आले, शहरं वाढली, शाळा निघाल्या, बालमृत्यू घटले, मग जन्म घटले. लिएज आणि शार्लरुआचा कोळसा-पोलादाचा पट्टा दक्षिणेतच. तिथून बदल निघाला आणि पाण्यातल्या तरंगासारखा उत्तरेकडे सरकला, असं ते चित्र. नकाशावर त्यांनी पेन्सिलीने बाणसुद्धा काढून दिला होता.

मग आमच्या कार्यालयातल्या सर्वांत नव्या मुलाने, कोणी सांगितलेलं नसताना, बेल्जियमचे प्रांताखालच्या पातळीवरचे आकडे शोधून बसवले. अशा मुलांना आमच्या धंद्यात शाबासकी मिळत नाही, 'वेळ घालवतो' हा शिक्का मिळतो. ब्राबांटचे तीन जिल्हे झाले: ब्रसेल्स, लुव्हेन आणि निव्हेल. लुव्हेन उत्तरेच्या रंगात गेलं, निव्हेल दक्षिणेच्या. ब्रसेल्स राजधानी, तिचं गणितच निराळं. उतार गायब झाला आणि तिथे पायरी उभी राहिली. सरांनी तांबडी शाई उचलली ती हे पाहून.

तो म्हणाला, "ताई, आकडे मी दोनदा ताडून पाहिलेत."

"मग भाषांच्या पानाचा थर चढव."

भाषांचं पान याच अ‍ॅटलासमध्ये, पंचवीसएक पानं पुढे. त्यातली डच आणि फ्रेंच भाषकांना विभागणारी रेषा त्याने जननदराच्या नकाशावर आणली. ती पायरीवर जाऊन बसली. ब्रसेल्सच्या जराशी खालून, देश पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत कापत. उत्तरेकडे डच बोलणारे फ्लेमिश, दक्षिणेकडे फ्रेंच बोलणारे वालून.

मी त्याला थांबवलं. ही रेषा कायद्याने पक्की झाली 1962-63 मध्ये. ती ऐंशी वर्षं मागे नेऊन लावायची तर आधी जुन्या जनगणनांतल्या भाषेच्या नोंदी बघायला हव्यात. त्या बघितल्या. मूळची डच भाषक असलेली राजधानी फ्रेंच होत गेली, काही सीमेवरची गावं इकडची तिकडे झाली, पण एरवी ही रेषा फार जुनी आणि हट्टी आहे. आम्हाला हवी तिथे ती होतीच.

आता त्याला शंका आली. "वर्गांतर बदललं तर टिकेल का हे?" अचूक प्रश्न. क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे आकड्यांचे वर्ग पाडून त्यानुसार प्रत्येक भाग रंगवलेल्या नकाशात, आकडे तेच ठेवून केवळ वर्ग कुठे तोडायचे हे बदललं की वाटेल ते दाखवता येतं. समान वर्गांतरं घेतली तर पायरी फिकी पडत होती. प्रत्येक वर्गात सारख्याच संख्येने जिल्हे येतील असं केलं की ठसठशीत दिसत होती. या खेळावर कित्येक संपादकांचं पोट चालतं. आम्ही रंग काढूनच टाकले. एका रकान्यात फ्लेमिश जिल्हे, दुसऱ्यात वालून, दोन्हींत वर्षं चढत्या क्रमाने. दोन रकाने एकमेकांत थोडेसे मिसळत होते, पण थोडेसेच. वालून आधी, फ्लेमिश नंतर.

संपूर्ण देशासाठी ते वर्ष 1882 असं दिलं जातं. पुस्तकात तो एकच आकडा असतो, आणि तो ब्राबांटच्या मधल्या रंगाइतकाच खरा. म्हणजे हिशेबाने बरोबर, आणि त्या वर्षी कोणाच्या घरात काय चाललं होतं याबद्दल मुका.

सरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग म्हणाले, "मॅडम, भाषा मुलं कमी करत नाही. दक्षिणेत कारखाने होते, म्हणून तिथे आधी झालं. तुमची रेषा योगायोगाने तिथून जाते."

वजनदार मुद्दा होता. पण तेवढं पुरत नाही, कारण हा प्रश्न बेल्जियमपुरता नाही. याच प्रकल्पाच्या तारखा बघा. इंग्लंड-वेल्समध्ये घसरण 1892 ची. तिथे निम्म्याहून अधिक लोक 1851 च्या जनगणनेतच शहरवासी झालेले होते. हंगेरीची तारीख 1890 च्या आसपासची, आणि हंगेरी तेव्हा शेतकऱ्यांचा देश. फ्रान्समध्ये तर हे 1800 च्या सुमाराला सुरू झालं, जेव्हा तिथे बहुसंख्य माणसं खेड्यात राहत होती आणि कारखान्यांचा धूर अजून यायचा होता. याचे परिणाम लोकसंख्येच्या कोणत्याही तक्त्यात दिसतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या तिपटीहून वाढली, तर सुरुवातीला त्याच्या कितीतरी पुढे असलेला फ्रान्स दीडपटही झाला नाही. कारखानेच कारण असते तर क्रम उलटा लागला असता.

सर म्हणाले, "फ्रान्स अपवाद." हे उत्तर मी विद्यार्थी असल्यापासून ऐकते आहे. सिद्धांताच्या सुरुवातीलाच अपवाद बसलेला असेल तर त्याला अपवाद किती दिवस म्हणायचं?

मग मी स्पेन सांगितलं. हा प्रकल्पच मुळात तिथून सुचला. प्रिन्स्टनच्या एका संशोधक विद्यार्थ्याने 1962 च्या प्रबंधात स्पेनचे प्रांत तपासले, तेव्हा जननदराच्या घसरणीचे गट उत्पन्नाशी जुळेनात, ते भाषिक प्रदेशांशी जुळले. आणि बेल्जियमवर लोकसंख्याशास्त्रज्ञ रॉन लेस्टहाख यांचं पुस्तक 1977 मध्येच आलेलं आहे. त्यांनी भाषासीमेच्या दोन्ही अंगांची, इतर बाबतींत मिळतीजुळती गावं जोडीजोडीने लावून पाहिली होती. शेती सारखी, धंदे सारखे, फरक भाषेचा. तरी अंतर उरलंच.

"मग तुम्हीच सांगा, भाषेत असं काय असतं?"

इथे माझी गाडी अडली, आणि खरं सांगायचं तर अजून अडलेलीच आहे. पुस्तकी उत्तर माहीत आहे. मुलं किती असावीत हा आपण ठरवायचा विषय आहे, ही कल्पनाच आधी यावी लागते. कोल यांनी घसरणीच्या तीन अटी सांगितल्या, त्यातली पहिली हीच. कमी मुलं फायद्याची वाटणं आणि उपाय हाताशी असणं या उरलेल्या दोन. आणि ही कल्पना येते बोलण्यातून. जिच्याशी बोलता येतं तिच्याकडून. स्वीडनमध्ये भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांनी 1953 मध्ये शेतकऱ्यांनी नव्या पद्धती कशा उचलल्या हे नकाशांवर मांडलं तेव्हाही हेच दिसलं होतं. खबर ओळखीच्या माणसाकडून जाते आणि मध्ये अडथळा आला की थबकते. पाठ्यपुस्तकांनी त्यातून एककेंद्री वर्तुळं तेवढी उचलली आणि अडथळे गाळले, ही माझी जुनी तक्रार. लुव्हेनहून निव्हेल फार लांब नाही. आपल्या नेहमीच्या वर्तुळात दोन्ही गावं एकाच कड्यात पडतील.

पण हे सगळं गृहीत धरायचं, तर ते बोलणं कोणी नोंदवलेलं नाही. जनगणना मुलं किती ते विचारते, शेजारणीने काय सांगितलं ते विचारत नाही. शिवाय भाषेबरोबर आणखी काय काय सरकतं? लेस्टहाख यांनी 1919 च्या निवडणुकीतली समाजवादी आणि उदारमतवादी मतं मोजली. कॅथलिक चर्चची पकड जिथे सैल, तिथे ही मतं जास्त, आणि जननदरही आधी उतरलेला. मग रेषा भाषेची की पाद्र्याची? हंगेरीच्या दक्षिणेकडे ओर्मान्शाग नावाचा भाग आहे. तिथल्या कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंट शेतकऱ्यांत एकच मूल ठेवायची रीत होती, शेताचे तुकडे होऊ नयेत म्हणून. तिथे भाषा आडवी आली नाही, पंथ आला. आणि जमीनही.

आणखी एक खोच आहे, ती सरांना सुचली नाही म्हणून मीच सांगितली. 10 टक्क्यांची खूण उशिरा दिसते. काही जोडप्यांनी आधीच हात आखडता घेतला असेल आणि त्याच वेळी बाकीच्यांची मुलं वाढत असतील, तर सरासरी हलतच नाही. या पद्धतीवर 1994 मध्ये हीच टीका झाली. ब्राबांटने प्रांताच्या पातळीवर जे केलं तेच लुव्हेन जिल्ह्याच्या पातळीवर करत असणार. आपण खाली खाली जात राहतो आणि प्रत्येक पायरीवर कुठला तरी मधला रंग भेटतो.

सर हसले. "म्हणजे तुमचाही नकाशा छापण्यालायक नाही."

शेवटी आमच्याकडे जे नेहमी होतं तेच झालं, तडजोड. मोठ्या नकाशात नऊ प्रांत राहिले आणि कोपऱ्यात बेल्जियमचा जिल्हावार छोटा नकाशा गेला, भाषासीमेच्या काळ्या रेषेसह. बाण काढला. मथळ्यात कारण लिहायचं नाही यावर आम्ही दोघंही राजी झालो. माझ्या मते या पानावरचं ते सगळ्यात प्रामाणिक वाक्य, जे नाहीच. मुख्य संपादकांना शाईचा खर्च तेवढा दिसला.

सध्या टेबलावर ब्राझील आहे. तिथे दर स्त्रीमागे मुलांचं प्रमाण 1960 मध्ये सहाच्या वर होतं, 2000 मध्ये अडीचच्या खाली आलं, आणि सरकारने कुटुंबनियोजनाची सक्तीची मोहीम काही राबवली नव्हती. तीन अर्थतज्ज्ञांनी 2012 मध्ये दाखवलं की ग्लोबो या टीव्ही वाहिनीचं प्रक्षेपण ज्या भागात पोचलं, तिथे पुढच्या काळात जन्म कमी झाले. वाहिनीच्या मालिकांतल्या बहुतेक नायिकांना एक तर मूल नव्हतं किंवा एकच होतं. परिणाम गरीब घरांत जास्त होता, आणि नायिका साधारण ज्या वयाची त्या वयाच्या स्त्रियांत. वाहिनी पोचलेल्या भागांत बाळांची नावंही मालिकांतल्या पात्रांवरून ठेवली जात होती.

बेल्जियममध्ये जे हाती लागत नव्हतं ते इथे आहे: कल्पना कुठल्या गावात कोणत्या वर्षी शिरली याची तारीख. नव्या मुलाने प्रक्षेपण मनोऱ्यांचा थर आधीच चढवून ठेवलाय, आणि या वेळी सगळी आकडेवारी नगरपालिकेच्या पातळीवरची आहे. सरांना प्रूफ गेलंय. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "टीव्हीबरोबर वीजही आली असेल ना?" तो प्रश्न संशोधकांनाही पडला होता. म्हणून त्यांनी एकाच ठिकाणची आधीची आणि नंतरची वर्षं ताडून पाहिली. तेवढ्याने सरांचं समाधान होईल असं मला वाटत नाही, आणि माझंही पुरतं झालेलं नाही.